घरच्या घरीं विद्युत्-संगीत

विज्ञानाच्या योगानें ज्या कला राजवाड्यांतून व नाट्यगृहांतून निघून सामान्य माणसाच्या ओसरीवर आल्या, त्यांमध्यें संगीतरचनेची गणना आतां करावी लागेल. पूर्वीं चार वाद्यांचा मेळ बसवावयाचा म्हणजे चार वादक, त्यांची बिदागी, तालमीची जागा व ध्वनिमुद्रणाची खोली एवढें सर्व जुळवावें लागे. आज एक साधा संगणक व एक हेडफोन एवढ्या साहित्यावर आठवी-नववींतील विद्यार्थी आपल्या खोलींत बसून अनेक वाद्यांची रचना तयार करूं शकतो. कित्येक घरांतून तसें चाललेंही आहे. आणि शेजारच्या खोलींत त्याचे आईवडील, हा अभ्यास म्हणावा कीं वेळेचा अपव्यय, अशा विवंचनेंत आहेत. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. परंतु ज्या गोष्टीचा न्याय करावयाचा ती प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. म्हणून विद्युत्-संगीत म्हणजे काय, तें घरीं कसें तयार होतें, आणि त्यांत यंत्राचा वाटा किती व माणसाचा किती, हें प्रस्तुत लेखांत यथामति सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन होय. तंबोऱ्याची तार छेडली असतां ती थरथरते, तिच्याबरोबर भोंवतालची हवा थरथरते, व ती थरथर कानाच्या पडद्यास पोंचली म्हणजे आपणांस स्वर ऐकूं येतो. एका सेकंदांत जितकीं कंपनें होतात त्या संख्येस कंपनसंख्या म्हणतात व ती हर्ट्झ या एककांत मोजतात. निरोगी तरुण कानास सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. कंपनसंख्या दुप्पट झाली कीं स्वर एक सप्तक वर चढतो. मध्य षड्ज २४० चा धरिला तर तार षड्ज ४८० चा. आतां असें हेलकावे विजेच्या प्रवाहासही देतां येतात. ज्या साधनानें ते दिले जातात त्यास ऑसिलेटर म्हणतात. ते हेलकावे स्पीकरच्या पडद्यास पोंचले कीं पडदा त्याच गतीनें हालतो व हवेंत स्वर उमटतो. येथें तार नाहीं, पोकळ वेळू नाहीं, कातडें नाहीं. तरीही स्वर आहे. विद्युत्-संगीताचा पाया तो हाच.

मग बांसरीचा षड्ज व सारंगीचा षड्ज, कंपनसंख्या एकच असतां, निराळे कां वाटतात? याचें कारण असें कीं, बहुतेक वाद्यांत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वरही मंदपणें वाजत असतात. कोणता उपस्वर किती जोराचा, यावर त्या वाद्याचा रंग अवलंबून असतो. ऑसिलेटरची साइन लहर घेतली तर तींत उपस्वर मुळींच नसतात. प्रयोगशाळेंतील ट्यूनिंग फोर्कच्या नादाशीं तिचें जवळचें नातें आहे. चौकोनी लहरींत तिप्पट, पांचपट, सातपट असे विषम उपस्वरच असतात, म्हणून ती क्लॅरिनेटसारखी पोकळ वाटते. करवतीच्या दांत्यांसारख्या लहरींत सर्व उपस्वर असतात. ती तीक्ष्ण असून तंतुवाद्यांचा व पितळी वाद्यांचा भास उत्पन्न करिते.

या कच्च्या ध्वनीवर पुढें दोन संस्कार होतात. पहिला फिल्टरचा. विद्यार्थ्यांनीं याचा अनुभव यंत्रावांचून घ्यावा. एकच स्वर लांब धरून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे क्रमानें म्हणावें. कंठांतील स्वर बदलत नाहीं; फक्त तोंडाचा आकार बदलून कांहीं उपस्वर दाबले जातात व कांहीं उठून येतात. फिल्टर करितो तें हेंच. दुसरा संस्कार काळाचा. तबल्याची थाप क्षणांत उठते व लगेच विरते. सतारीचा नाद तत्काळ उठून हळूहळू ओसरतो. सारंगीचा स्वर गज फिरे तोंपर्यंत टिकतो. स्वर किती वेळांत चढावा, किती उतरावा, कोठें स्थिर राहावा व सोडल्यावर किती वेळानें मावळावा, या चार गोष्टी ठरविल्या म्हणजे त्याच लहरींतून थापही निघते व आलापही. लहर, फिल्टर व काळ यांची व्यवस्था ज्या यंत्रांत एकत्र केलेली असते, तोच सिंथेसायझर. पूर्वीं त्यास कपाटाएवढी जागा लागे. आतां तो संगणकाच्या पडद्यावर एका चौकटींत मावतो.

ही कला आरंभीं घरची नव्हती. १९४८ सालीं पॅरिस येथें फ्रेंच नभोवाणींतील पिएर शेफर यांनीं आगगाडीचे आवाज मुद्रित करून त्यांची एक रचना सिद्ध केली. १९५८ सालीं लंडन येथें बी.बी.सी.नें अशाच कामासाठीं स्वतंत्र कार्यशाळा उघडली. तिच्या संस्थापकांपैकीं डॅफ्ने ओरम या बाईंनीं पुढच्याच वर्षीं ती नोकरी सोडिली व केंट परगण्यांतील आपल्या घरींच प्रयोगशाळा थाटून, चित्रपटाच्या फितीवर रेषा काढून त्यांचा ध्वनि करणारें यंत्र बनविलें. १९६४ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट मूग यांनीं आपला सिंथेसायझर तयार केला. आणि १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं त्यावर योहान सेबास्टियन बाख यांच्या रचना वाजवून ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका काढिली.

या ध्वनिमुद्रिकेची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तिचें काम कार्लोसबाईंच्या न्यूयॉर्क येथील राहत्या घरांतच झालें. मूगच्या त्या यंत्रांतून एका वेळीं एकच स्वर निघे, आणि बाखची रचना पाहावी तर तींत तीन-तीन, चार-चार स्वरमाला एकमेकींत गुंफलेल्या. तेव्हां एक माला वाजवून फितीच्या एका पट्ट्यावर मुद्रित करावयाची, मग तिच्या शेजारीं दुसरी, मग तिसरी, असें शेकडों तास चाललें. त्यांतही ऑसिलेटर खोलींतील उष्णतेनें बेसूर होत. म्हणून थोडें वाजवावें, थांबावें, सूर पुन्हा लावावा व पुढें जावें. या मुद्रिकेस पुढें तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. यंत्र त्याच बनावटीचें इतरांजवळही होतें. प्रत्येक स्वर ऐकून ‘हा नव्हे, पुन्हा’ असें म्हणणारा कान मात्र यंत्राबरोबर विकत मिळत नव्हता, व आजही मिळत नाहीं.

१९८३ सालीं एक मोठी सोय झाली. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस एक समान भाषा मिळाली. तिला मिडी म्हणतात. मिडी म्हणजे ध्वनि नव्हे. कोणती पट्टी दाबली, केव्हां दाबली, किती जोरानें दाबली व केव्हां सोडिली, एवढाच निरोप ती पोंचविते. पट्ट्यांस ० पासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले असतात. पंडित भातखंडे यांची स्वरलिपि कागदावर मुकीच असते, परंतु गायकापुढें ठेविली कीं गाणें होतें. तद्वत् हा निरोप सिंथेसायझरपुढें ठेविला कीं वाद्य वाजूं लागतें. म्हणूनच चुकलेला एक स्वर सर्व रचना पुन्हा न वाजवितां सुधारतां येतो.

कंठ किंवा खरें वाद्य यांचें मुद्रण संगणक निराळ्या रीतीनें करितो. मायक्रोफोनमधून येणाऱ्या प्रवाहाची उंची तो एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजून आंकडे लिहून ठेवितो. कोणताही ध्वनि अचूक टिपावयाचा तर त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें, असा नियम आहे. आणि आपल्या श्रवणाची सीमा २०,००० असल्यामुळें हा आंकडा निघाला. हे आंकडे ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं शकत नाहींत. म्हणून मुद्रण करितांना मापकाची रेघ लाल रंगास लागूं देऊं नये. तेथें छाटला गेलेला आवाज पुढें कोणत्याही उपायानें पूर्ववत् होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. खर्च फारसा नको. एलएमएमएस व ऑडॅसिटी हीं साधनें विनामूल्य मिळतात. पहिलें रचनेसाठीं, दुसरें मुद्रण व काटछाट यांसाठीं. प्रथम लय ठरवावी. मिनिटास १२० मात्रा धरिल्या तर मात्रा अर्ध्या सेकंदाची, व केरव्याचें आठ मात्रांचें आवर्तन चार सेकंदांचें होतें. नवशिक्यानें दोनच आवर्तनें घेऊन बसावें. त्यांत आधीं षड्ज-पंचमाचा आधार, मग ताल, मग एक लहानशी चाल भरावी. घरांतील वस्तूंचे आवाजही घ्यावे. स्टीलची वाटी, पाट्यावर वरवंटा, पत्र्यावरील पाऊस. वाटीचा नाद दुप्पट वेगानें वाजविला तर तो एक सप्तक वर जातो व निम्म्या वेळांत संपतो; निम्म्या वेगानें वाजविला तर मोठ्या घंटेसारखा घुमतो. कंठ मुद्रित करावयाचा असेल तर पंखा बंद करावा व भिंतींजवळ गोधड्या टांगाव्या; उघड्या भिंतींवरून परत येणारा आवाज त्यायोगें बराच शोषला जातो.

शेवटीं मिक्सिंग, म्हणजे सर्व आवाजांची पंगत बसविणें. येथें बहुतेक विद्यार्थी प्रत्येक वाद्याचा आवाज वाढवीत जातात व अखेर कांहींच नीट ऐकूं येत नाहीं. खरी युक्ति कमी करण्यांत आहे. दोन वाद्यें एकाच उंचीच्या स्वरांत गर्दी करीत असतील तर एकास बाजूस सारावें किंवा काढून टाकावें. रचना हेडफोनवर ऐकावी, साध्या स्पीकरवर ऐकावी, आणि एक रात्र जाऊं देऊन सकाळीं पुन्हा ऐकावी.

या यंत्रांत एक वैगुण्यही आहे. त्यांचे ठरीव स्वर पाश्चात्त्य पद्धतीनें सप्तकाचे बारा समान भाग करून घेतलेले असतात. षड्ज २४० चा असेल तर तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गंधार ३०० चा, आणि यंत्राचा जवळजवळ ३०२.४ चा. शिवाय मींड नाहीं. हार्मोनियमविरुद्ध हेच आक्षेप होते, व १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें त्या वाद्यास बंदी केली, ती कित्येक वर्षें टिकली. परंतु जाणत्यानें यंत्रास वळविलें तर तें वळतें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वर्षानुवर्षें वादन केलेले चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं तीन जपानी यंत्रांवर दहा राग मुद्रित केले. त्यांपैकीं एक यंत्र केवळ खर्जाची साथ देण्यासाठीं बनविलेलें होतें. पण तें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊं शके, आणि त्या घसरणींतच चरणजित सिंगांस मींडेची जागा दिसली. त्या वेळीं मुद्रिकेकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं; २०१० सालीं ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हां परदेशांतील श्रोते चकित झाले. राग त्यांस आधीं येत होते, यंत्र मागाहून आलें, हें येथें विसरतां कामा नये.

आतां पालकांस दोन शब्द. पहिली काळजी कानांची घ्यावी. मुलांसाठीं आठवड्यास ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलांनीं वाढला कीं हा काळ निम्मा होतो. कानाच्या आंतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहींत. दुसरी काळजी प्रामाणिकपणाची. दुसऱ्याच्या मुद्रणाचा तुकडा विचारल्यावांचून आपल्या रचनेंत घालणें हें दुसऱ्याच्या वहींतून निबंध उतरविण्यासारखेंच आहे. आपल्या देशांत ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें राहतो. तिसरी गोष्ट अगदीं अलीकडची. चार शब्द लिहिले असतां संगणक संपूर्ण गाणें करून देतो, अशीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांतून गाणें मिळेल, पण तें मिळविणारा विद्यार्थी होता तेथेंच राहील. कारण निवड, त्याग व पुनःप्रयत्न यांपैकीं कांहींच त्यानें केलेलें नसतें.

तेव्हां मूल अभ्यास करीत आहे कीं वेळ दवडीत आहे, याची परीक्षा कशी करावी? आम्ही सुचवितों ती रीति सोपी आहे. संगणक बंद करण्यास सांगावें व दोन प्रश्न विचारावे. "तूं केलेली चाल आतां तोंडानें म्हणून दाखव." "त्यांतील अमुक आवाज कां घातलास, आणि कोणता काढून टाकिलास?" जो मूल चाल गाऊन दाखवितें व काढून टाकिलेल्या आवाजाचें कारण सांगतें, त्याचा वेळ फुकट गेला नाहीं, तें पदार्थविज्ञान, गणित व संगीत हीं तिन्ही एकदम शिकत आहे. ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्याचा संगणक एकदम काढून घेऊं नये; आधीं त्याच्या हातीं पेटी किंवा बांसरी द्यावी, चार गाणीं गळ्यांत बसूं द्यावीं, आणि मग पुन्हा यंत्रापुढें बसवावें. आणि शक्य झाल्यास त्याच्याजवळ बसून त्याची रचना एकदां आरंभापासून शेवटपर्यंत, मध्यें न बोलतां, आपणही ऐकावी.