घरपट्टीची आकारणी व तीवरील अपील

शेतसाऱ्याचा हिशेब ज्यास तोंडपाठ आहे, असा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकार घरपट्टीचे बिल मात्र न वाचताच वळचणीस खोवून ठेवितो. कारण उघड आहे. वऱ्हाडात 1861 साली मुंबई पद्धतीची जमीन-मोजणी सुरू झाली. तेव्हापासून मातीची खोली व दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत कशी ठरते, ह्याची चर्चा घरोघर होत आली. घराची प्रत कशी ठरते हे मात्र कोणी समजावून सांगितले नाही. वस्तुतः रीत बहुतांशी तीच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीचा सारा आपण भरतो, सबब शेतातील घरास घरपट्टी लागू नये, असे पुष्कळ बंधू आम्हांस सांगतात. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 124 तसे म्हणत नाही. साऱ्याची जमीन ह्या करातून सुटते. परंतु इमारत, मग ती साऱ्यास पात्र असो वा नसो, करास पात्र आहे. एवढ्याच मुद्द्यावर अपील करणे म्हणजे वेळ व कागद दोन्ही वाया घालविणे होय.

आता आकारणीकडे वळू. डिसेंबर 2015 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली व तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. इमारतीच्या क्षेत्रफळास जमिनीच्या वार्षिक दराने गुणावे. त्याच क्षेत्रफळास बांधकामाच्या दराने गुणून, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा लावावा. दोन्ही रकमांची बेरीज करून तीस वापराच्या भारांकाने गुणावे. निवासास भारांक एक असतो, दुकानास त्याहून अधिक. येईल त्या मूल्यावर दर हजारी काही पैसे हा कर.

समजुतीसाठी आकडे कल्पू. घर 60 चौरस मीटर, जमिनीचा दर 400 रुपये, बांधकामाचा 6,000, घसाऱ्याचा गुणक अर्धा व कर हजारी 80 पैसे. जमिनीचे 24,000 व बांधकामाचे 1,80,000, मिळून 2,04,000 रुपये. कर 163 रुपये 20 पैसे. हेच घर नवे म्हणून लिहिले गेले तर घसारा मिळत नाही, मूल्य 3,84,000 होते व कर 307 रुपये 20 पैसे. दर तोच, ठराव तोच. केवळ वयाच्या रकान्यात चूक झाली आणि पट्टी जवळजवळ दुप्पट झाली! ही चूक कोणी दाखवून देईपर्यंत वर्षानुवर्षे तशीच चालते.

म्हणून बिलावरील रकमेशी वाद घालण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा घ्यावा व क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर हे चार रकाने घराशी ताडून पाहावेत. आमच्या भागात विशेष घोटाळा होतो तो धाब्याच्या घरांचा. मातीच्या भिंती व मातीचेच धाबे. पुढील बाजूस सिमेंटचा गिलावा केला की मोजणारा बाहेरूनच पाहून 'पक्के' असे लिहून मोकळा होतो. गुरांचा गोठा राहत्या घराच्या मापात मिळविला जाणे, पडलेली खोली उभी दाखविणे, हेही नित्याचेच. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळाली असेल, तर जागेचे माप तिच्याशी जुळवावे. मात्र जागेचे क्षेत्र निराळे व इमारतीचे निराळे, हे विसरू नये. नमुना 8 हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते व हरकतींसाठी प्रसिद्ध केली जाते. खरी वेळ हीच. त्या वेळी अर्ज दिला तर पंचायत घर पाहून रकाना दुरुस्त करू शकते आणि प्रकरण गावातच मिटते. तेथे दाद न लागल्यास पंचायत समितीकडे अपील करावे, ते गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखल करावे. त्यावरही समाधान न झाल्यास जिल्हा परिषदेची स्थायी समिती आहे व तिचा निर्णय अखेरचा. बिल हाती येताच हालचाल करावी.

रागाने कर थांबविणे मात्र सर्वथा अनुचित. बिलाने मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा कलम 14 अन्वये पंचायतीचा सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरतो. ज्याने आकारणीचा अन्याय सभेत मांडावयाचा, तोच अशा रीतीने सभेबाहेर जातो.

चिखली, खामगाव, मेहकर अशा नगरपरिषदांच्या हद्दीत ज्यांची घरे आहेत, त्यांस 1965 चा निराळा अधिनियम लागू आहे. तेथे मुदत कडक: अपील बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत व मागितलेली रक्कम भरून करावे लागते.

अर्ज लांबलचक नसावा. कोणता रकाना चुकला, खरे काय आहे व त्यास पुरावा कोणता, एवढे एका पानावर मावते. उतारा, जुन्या पावत्या व घराची चारी बाजूंनी छायाचित्रे जोडावीत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नये.