ब्राउझर-नूतनीकरण, कार्यालयीन

महाजालावरील पृष्ठे मागवून ती संगणकाच्या पडद्यावर वाचनीय स्वरूपात मांडणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. न्याहाळक असा मराठी प्रतिशब्दही वापरात आहे. तिच्या जुन्या आवृत्तीच्या जागी नवी बसविणे म्हणजे नूतनीकरण. घरच्या संगणकावर ही क्रिया बहुधा आपोआप होते. कचेरीतील संगणकावर मात्र त्याच ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार, करविवरणे, निविदा इ. कामे चालत असल्याने नवी आवृत्ती घ्यावी की नाही, हा निर्णयाचा प्रश्न ठरतो.

नव्या आवृत्तीत काही सोयी येतात आणि काही दोष दुरुस्त होतात. कचेरीच्या दृष्टीने सोयींस फारसे महत्त्व नाही, दोषदुरुस्तीस आहे. ब्राउझरमधील एखाद्या छिद्रातून परकी आज्ञावली संगणकात शिरू शकते. ते छिद्र बुजविणारी आवृत्ती प्रसिद्ध झाली की जुनी व नवी यांची तुलना करून छिद्र नेमके कोठे होते, हे जाणकारास काढता येते. म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर ती न घेणारा संगणक पूर्वीपेक्षा अधिक उघडा पडतो. ‘आजवर काही बिघडले नाही’ हा कचेऱ्यांतून नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद या कारणाने लंगडा आहे. जानेवारी २०१० मध्ये गूगल व अन्य कंपन्यांवरील हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील छिद्राचा उपयोग झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनी व फ्रान्स यांच्या शासकीय सुरक्षा-संस्थांनी तो ब्राउझर तूर्त न वापरण्याचा सल्ला दिला. भारतात असे इशारे देण्याचे काम २००४ पासून सर्ट-इन ही केंद्रीय संस्था करते.

असे असूनही कचेऱ्या जुन्या आवृत्तीस चिकटून राहतात, यास केवळ आळस कारण नाही. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांनी आपली अंतर्गत पृष्ठे तिच्याच लकबींना धरून रचली. नव्या आवृत्तीत ती विस्कटू लागली. ब्रिटिश शासनाने २०१० मध्ये एका जाहीर मागणीस उत्तर देताना खर्च व चाचण्यांचा व्याप पुढे करून सहावी आवृत्ती सरसकट काढण्यास नकार दिला. दक्षिण कोरियात बँकव्यवहारांची सुरक्षा ॲक्टिव्हएक्स या जोडतंत्रावर बेतली गेल्याने अवघा देशच दीर्घकाळ एका ब्राउझरला बांधला गेला.

भारतातील मुख्य गाठ इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीची आहे. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखादी फाउंड्री शासकीय निविदा भरते, तेव्हा स्वाक्षरीची किल्ली संगणकास जोडलेल्या छोट्या टोकनमध्ये असते. सुरक्षिततेसाठी जालपृष्ठास त्या टोकनला थेट हात लावू दिला जात नाही. पूर्वी अनेक शासकीय संकेतस्थळांवर हे मधले काम जावा ॲप्लेट ही ब्राउझरच्या आत चालणारी लहान आज्ञावली करीत असे. अशी जोडणी ज्या पद्धतीने होई, ती क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून टाकली. नवी आवृत्ती घेतली तर स्वाक्षरी होत नाही, न घेतली तर संगणक धोक्यात, असा हा पेच. निविदेची मुदत संध्याकाळी संपत असताना सकाळी आपोआप झालेले नूतनीकरण म्हणजे हातचे काम जाणे होय. अशा वेळी नूतनीकरण बंद करून ठेवणाऱ्या लेखनिकास दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. हा पेच खऱ्या अर्थाने सुटला तो स्वाक्षरीचे काम ब्राउझरबाहेर नेल्यावर. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळासाठी २०१७ पासून वापरात आलेली एमसाइनर ही आज्ञावली संगणकावर स्वतंत्रपणे चालते व ब्राउझरशी केवळ संवाद साधते.

मराठी लिपीमुळेही काही काळ अशीच अडचण होती. २००० च्या सुमारास अनेक मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले टंक वापरीत. पृष्ठाबरोबर टंक आपोआप उतरविण्याची इंटरनेट एक्सप्लोररची रीत इतर ब्राउझरना उमगत नसे. तेथे मजकुराऐवजी रोमन चिन्हांच्या निरर्थक ओळी दिसत. अशा पृष्ठांत ‘कोल्हापूर’ हा शब्द शोधूनही सापडत नसे, कारण संगणकाच्या लेखी तो तेथे नसेच. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण दूर झाली. मात्र जुन्या टंकांत साठविलेला कचेरीचा पत्रव्यवहार ब्राउझर बदलल्याने सुधारत नाही. त्याचे रूपांतर वेगळेच करावे लागते.

साधन बदलण्याआधी त्यावर नेमके कोणते काम चालते हे पाहण्याचे महत्त्व कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या (ता. पन्हाळा) अनुभवावरून दिसते, जरी तेथे प्रश्न ब्राउझरचा नसून सबंध संगणकाचाच होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक-केंद्रे उभारण्यात आली. संकल्प बहुविध माहितीसेवेचा असला, तरी शेतकऱ्याला हवे होते ते उसाचे वजन, बिल, खत अशा मोजक्या नोंदींचे उत्तर. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन-विभागाने सात गावांत आठ महिने प्रयोग करून तेच काम भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांद्वारे करून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार संगणकावरील सर्व कामे त्यातून होऊ शकली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक पसंत पडली. संगणकाखेरीज चालणार नाही असे वाटणारे काम चार-पाच प्रकारच्या नोंदींत मावत होते. पतसंस्थेत वा दूध संघातही ‘जुन्या ब्राउझरखेरीज चालणार नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा त्यामागे बहुधा एखादेच संकेतस्थळ असते. ते कोणते, हे ठाऊक नसताना घेतलेला निर्णय, होकाराचा असो वा नकाराचा, अंदाजच ठरतो.

ते संकेतस्थळ हाती लागले की मार्ग मोकळा होतो. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. तथापि एज या ब्राउझरमध्ये ठराविक पृष्ठांपुरते त्याचे जुने रूप वापरण्याची सोय ठेवलेली आहे. अन्यथा एक जुना संगणक त्या एकाच कामासाठी राखून त्यावर ईपत्रे व इतर संकेतस्थळे उघडण्यास मनाई करावी लागते. ही मनाई कागदावर राहते, हा सार्वत्रिक अनुभव असल्याने शक्य तेथे जोडणीच मर्यादित करणे बरे. दर चार आठवड्यांनी येणारे बदल ज्यांना झेपत नाहीत, त्यांच्यासाठी फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती असते. तीत सुमारे वर्षभर केवळ दुरुस्त्या येतात, रूप बदलत नाही. नवी आवृत्ती प्रथम एकाच संगणकावर बसवून प्रत्यक्ष स्वाक्षरी, छपाई व बँकेचा प्रवेश तपासावा. मार्चअखेर, करविवरणाची मुदत किंवा कारखान्याचा ऐन गळीत हंगाम यांत हा उद्योग करू नये. जतन केलेले परवलीचे शब्द व पृष्ठखुणा यांची प्रत आधी काढून ठेवावी.

पुष्कळदा अडसर ब्राउझरचा नसून त्याखालील कार्यप्रणालीचा निघतो. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती ही अखेरची. २०२३ मधील त्यापुढची आवृत्ती तीवर बसतच नाही. तेथे निर्णय लेखनिकाच्या हातून निसटून खरेदीच्या ठरावापर्यंत जातो आणि सहकारी संस्थेत तो संचालक मंडळाच्या पुढील बैठकीची वाट पाहतो. तोवर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार बंद ठेवणे एवढेच हाती उरते.