विंचवाच्या विषावर दोन उतारे

पेण किंवा रोह्याकडच्या एखाद्या खेड्यात तुमचे आजोळ असेल, तर पेंढ्यात किंवा सरपणाच्या ढिगात हात घालताच आजी कशी ओरडते, हे तुम्हांला ठाऊक असेल. तिची भीती खरी आहे. काळा विंचू आकाराने मोठा आणि दिसायला भयंकर. पण कोकणात जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू.

हे विष घात करते ते आपल्याच शरीराच्या हातून. मज्जातंतूंवर सोडियमच्या कणांना आत सोडणारी अतिसूक्ष्म दारे असतात. विष ती उघडी धरून ठेवते. मग चेतवलेले मज्जातंतू थांबतच नाहीत, आणि अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन ही द्रव्ये रक्तात लोटली जातात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर या द्रव्यांसाठी जणू कुलपे असतात. किल्ली बसली, की वाहिनी आवळते. साऱ्या अंगभर असे झाले म्हणजे हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात 25-30 दगावत.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 नंतरच्या काळात अशा रुग्णांना प्राझोसिन देऊन पाहिले. ही मूळची उच्च रक्तदाबावरची साधी गोळी! ती विषाला हातही लावत नाही. ती कुलपात आधीच जाऊन बसते. मग किल्ल्या कितीही आल्या तरी फिरत नाहीत. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. (रुग्णाला मात्र आडवेच ठेवावे लागते, एकदम उभे केले तर रक्तदाब घसरून घेरी येते.) मृत्यूचे प्रमाण शंभरात जेमतेम एकावर आले.

दुसरा उतारा म्हणजे प्रतिविष. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून हे औषध बनवतात. ते रक्तात हिंडणारे विषच पकडून निकामी करते. किल्ल्या वाटणाराच पकडला, म्हणा ना! पण अगोदरच वाटून झालेल्या किल्ल्यांचे त्याला काही करता येत नाही. शिवाय घोड्याच्या प्रथिनांची काहींना अॅलर्जी होते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

मग दोन्ही एकत्र दिली तर? डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला 70 रुग्णांवर हे तपासले, आणि 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसते प्राझोसिन घेतलेल्या 35 जणांपैकी 10 तासांत पूर्ण बरे झाले 8. दोन्ही औषधे घेतलेल्या 35 जणांपैकी 32. या दुसऱ्या गटाला प्राझोसिनच्या गोळ्याही कमी लागल्या. नव्या किल्ल्या येणेच थांबले होते ना!