लेख, वाचक आणि सत्ता : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

भाषा आणि राष्ट्र यांच्या संबंधाची मराठीतील चर्चा बहुतांशी अस्मितेच्या अंगाने झाली आहे. कोणती भाषा राज्याची असावी, तिचे स्थान कोणते, तिच्यावर आक्रमण कोणाचे, हे प्रश्न त्या चर्चेत अग्रभागी राहिले. राज्याची भाषा ठरल्यानंतर त्या भाषेतील कागद कोण वाचू शकतो, हा प्रश्न मात्र शिक्षणखात्याचा म्हणून बाजूला पडला. वस्तुतः हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. भाषेमुळे समूहाला ओळख मिळते. सत्तेतील वाटा मात्र त्या भाषेतील लेख वाचण्याच्या, तपासण्याच्या आणि प्रसंगी नाकारण्याच्या सामर्थ्यावर अवलंबून असतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरात या प्रक्रियेचे टप्पे स्पष्टपणे पाहावयास मिळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. नाणेघाट : लेखाची सत्ता

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन राणी नागनिकेचा लेख आहे. त्याची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. लेखाचा विषय वैदिक यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा हा असूनही भाषा संस्कृत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. राजकुलाचे वैभव व्यापारी मार्गावर कोरून ठेवताना लोकव्यवहाराला जवळची भाषा निवडली गेली. राजभाषेसंबंधीचा हा एक निर्णयच म्हणावा लागेल. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतील दानलेखही प्राकृतात असून त्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीचे आणि यवन दात्यांचेही उल्लेख येतात. म्हणजेच लेख कोरविण्याचा अधिकार केवळ राजकुलापुरता मर्यादित नव्हता. ज्याच्यापाशी द्रव्य आणि संघटना होती, त्यालाही आपले नाव दगडावर ठेवता येत होते.

नाणेघाटातील एका नामलेखात ‘महारठि’ हा शब्द येतो. मराठीच्या प्राचीनतेच्या प्रतिपादनात या लेखाला मोठे स्थान मिळाले. प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभिजात दर्जासाठी केलेल्या मांडणीतही त्याचा आधार घेतला गेला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख अशा रीतीने आधुनिक भाषिक ओळखीचा पुरावा ठरला.

२. फारसी, संस्कृत आणि मोडी

अहमदनगर वसण्यापूर्वी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे ठाणे जुन्नरला होते. बहमनी आणि निजामशाही अमलात फारसी ही दरबाराची भाषा असल्यामुळे महसूल, न्याय आणि लष्कर यांसंबंधीची परिभाषा फारसी-अरबी वळणाची झाली. ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्या शिवनेरीच्या पायथ्याचा राज्यव्यवहार हा असा होता. पुढे महाराजांची मुद्रा संस्कृतात आली आणि त्यांच्याच आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश स्वराज्याच्या ओळखीचे साधन होता, यात शंका नाही.

तथापि परिणामाचा विचार करता चित्र वेगळे दिसते. कोशातील बहुसंख्य पर्याय रुळले नाहीत. दप्तर, तहसील, जमाबंदी, फिर्याद हे शब्द आजही व्यवहारात आहेत. कारण उघड आहे. रयतेच्या दृष्टीने फारसी शब्द ऐकून ऐकून परिचयाचा झाला होता, तर नवा संस्कृत शब्द पुन्हा अपरिचित होता. शिवाय प्रत्यक्ष कागद मोडी लिपीत लिहिला जाई आणि ती वाचण्याचे कौशल्य कुळकर्णी, देशपांडे, कारकून अशा मोजक्या वतनदार-सेवक वर्गापाशी होते. दरबारची भाषा बदलली, तरी गावातील वाचणारा हात बदलला नाही.

३. कर्जरोखा आणि मंगलाष्टक

इंग्रजी अमलात या स्थितीला तीक्ष्ण धार आली. न्यायालयात लेखी रोख्याला निर्णायक महत्त्व प्राप्त झाले आणि ज्याला रोखा वाचता येत नव्हता, तोच त्यावर अंगठा उठवीत होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या रोख्यांवर आणि वह्यांवर होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. निरक्षराने कागदाची सत्ता अचूक ओळखली होती. ती तपासण्याचे साधन हाती नसल्यामुळे तो कागद जाळण्याचा मार्ग त्याने पत्करला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची आणि ऋणकोला पावती व हिशेब देण्याची तरतूद केली. परंतु पावती मिळाली तरी ती वाचण्याचा प्रश्न शिल्लकच होता.

महात्मा फुले यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी त्यांनी केली, तिचे मूळ या अनुभवात आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूर हे सत्यशोधक समाजाच्या कार्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते. तेथे पुरोहिताविना लग्नविधी करण्यावरून निर्माण झालेला वाद न्यायालयापर्यंत गेला. १८८७ मध्ये फुले यांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. जो विधी आपल्या नावाने होतो, त्याचा अर्थ आपल्याला कळला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय. रोखा आणि मंत्र ही वरवर भिन्न क्षेत्रे. परंतु दोहोंत न समजणाऱ्या भाषेतून चालणाऱ्या अधिकाराचे स्वरूप एकच आहे.

४. राजभाषा आणि नवी परिभाषा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. लेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. भाषिक राज्याला आकार देणारी ही सर्व कामे आवश्यकच होती. मात्र या प्रमाणीकरणातून घडलेली शासकीय मराठी राज्यव्यवहारकोशाच्याच दिशेने, संस्कृतनिष्ठ परिभाषेकडे झुकली. ‘अधिनियम’, ‘परिपत्रक’, ‘अधिसूचना’, ‘अभिस्वीकृती’ हे शब्द मराठी असले, तरी शाळेची चार वर्षे झालेल्या मराठी माणसाला ते सहज कळतात, असे म्हणता येणार नाही.

याच काळात मोडी व्यवहारातून गेली. तिचे परिणाम आजही जाणवतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुने अभिलेख तपासण्यासाठी मोडी वाचकांची गरज भासली. ज्या नोंदीवर स्वतःची सामाजिक ओळख अवलंबून आहे, ती नोंद पदवीधरालाही वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

५. वनहक्क : बोली आणि नमुना

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांची वस्ती असून त्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. घोडेगाव येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. येथील बोली जनगणनेच्या हिशेबात मराठीत समाविष्ट होतात. पाठ्यपुस्तकाची आणि अर्जाची मराठी मात्र त्यांहून दूरची आहे. परिणामी ‘मराठी भाषक’ म्हणून मोजला जाणारा माणूस मराठी कार्यालयात अडखळतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या पट्ट्यातील कुटुंबांना कसत असलेल्या जमिनीवर दावा करण्याचा अधिकार दिला आणि दाव्याची प्रक्रिया सुरू करण्याचे काम ग्रामसभेकडे सोपविले. कायद्याखालील नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातील वडीलधाऱ्यांच्या निवेदनालाही स्थान आहे. मौखिक स्मृतीला कायद्याने दिलेली ही मोठी मान्यता होय. परंतु त्यातील अट विसरता येत नाही : ते निवेदन लेखनिविष्ट असले पाहिजे. आजोबांना बांध कोणता, ओढा कोणता, कोणत्या साली कोणी जमीन फोडली, हे मुखोद्गत असते. ते कागदावर उतरविणारा आणि उतरलेले पुन्हा वाचून दाखविणारा विश्वासू माणूस गावात नसेल, तर स्मृती पुरावा बनत नाही. येथे साक्षरता हा हक्काचाच भाग ठरतो.

या दृष्टीने जनगणनेतील आकडे अपुरे आहेत. महाराष्ट्राची साक्षरता १९९१ मध्ये ६४.८७ टक्के होती, ती २०११ मध्ये ८२.३४ टक्के झाली. सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती येथे साक्षर मानली जाते. स्वाक्षरी आणि सातबारा, पाटी आणि परिपत्रक यांच्यामधील अंतर या व्याख्येत मावत नाही.

६. समारोप

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयावरून महाराष्ट्रात तीव्र वाद झाला आणि २९ जून २०२५ रोजी त्यासंबंधीचे निर्णय मागे घेण्यात आले. भाषेच्या प्रश्नावर समाज एकवटू शकतो, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले. मराठीच्या बाहेरून येणाऱ्या दडपणाविषयीची ही जागरूकता मराठीच्या आत, शासकीय मराठी आणि बोली यांमध्ये, साक्षर आणि कागदापुढे निरक्षर ठरणारा यांमध्ये असलेल्या अंतराविषयी क्वचितच दिसते.

नाणेघाटापासून वनहक्काच्या दाव्यापर्यंतचा प्रवास हेच सांगतो. प्राकृत, फारसी, संस्कृत, इंग्रजी आणि मराठी अशा भाषा या परिसरात राज्यकारभारात आल्या. प्रत्येक बदलाने राज्याला नवी ओळख दिली. परंतु सत्तेची वाटणी बदलली ती ओतूरसारख्या ठिकाणी, जिथे लोकांनी अर्थ कळण्याचा आग्रह धरला. अभिजात दर्जाचा पुरावा जुन्नरच्या घाटमाथ्यावर आहे. त्या दर्जाचे मोल ठरणार आहे ते त्याच डोंगररांगेतील ग्रामसभेत वाचून दाखविलेला कागद ऐकणाऱ्यांना किती कळतो, यावर.