‘मणक्यात गॅप’ म्हणजे नेमकं काय?

‘मणक्यात गॅप आहे’ असं कानावर पडलं, की कंबरदुखीचा रुग्ण धास्तावतो. प्रत्यक्षात घडतं ते उलटंच. दोन मणक्यांमधल्या गादीतलं, म्हणजे डिस्कमधलं, पाणी वयानुसार कमी होतं. गादी चपटी होते आणि मणक्यांमधलं अंतर वाढण्याऐवजी घटतं.

एमआरआयच्या अहवालातले इतर शब्दही असेच घाबरवतात. ‘एल-४, एल-५’ हा आजार नव्हे. कमरेच्या ५ मणक्यांपैकी चौथा आणि पाचवा, एवढाच तो पत्ता. ‘स्पॉन्डिलोसिस’ म्हणजे मणक्यांची आणि गाद्यांची झीज. ‘डिस्क बल्ज’मध्ये गादीची कड फुगते. ‘स्लिप डिस्क’मध्ये गादी घसरत नाही, तिच्या आतला मऊ भाग बाहेर येतो. त्याने नस दबली, की कमरेतून पायात कळ उतरते. तीच ‘सायटिका’.

पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विशीत ३७ टक्के, तर ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली. म्हणून अहवालातला प्रत्येक शब्द दुखण्याचं कारण ठरत नाही. रुग्णाची लक्षणं त्याच्याशी जुळतात का, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांपैकी काहीही जाणवलं तर अहवालाची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावं.