डोळ्यांना न सोसणारी चित्रे

प्राण्यांच्या हालांवर काढलेला एखादा माहितीपट दाखवला जात असेल, तर कधीतरी पडद्याकडे पाठ करून पाहणाऱ्यांकडे पाहावे. कोणी मान वळवतो. कोणी उगाचच हसतो आणि शेजाऱ्याशी बोलू लागतो. कोणी संतापून म्हणतो, ‘अशांना भर चौकात फटके मारले पाहिजेत.’ कोणी म्हणतो, ‘हे आपल्याकडचे नाही हो, बाहेरचे असेल.’ आणि एखादा काही न बोलता उठून जातो. त्याला काहीच वाटले नाही, अशी बाकीच्यांची समजूत होते. पुष्कळदा ती चुकीची असते.

या प्रतिक्रियांविषयी आज थोडे बोलायचे आहे, आणि तेही जुन्नर-आंबेगावच्या अंगाने. कारण अशा चित्रांनी आणि चित्रफितींनी या दोन तालुक्यांच्या यात्रांचे रूप काही वर्षे पालटून टाकले होते. माळशेजच्या रस्त्यावरचे डिंगोरे घ्या, नाहीतर पलीकडची गावे घ्या, बैलगाड्याविषयी ज्याला मत नाही असा माणूस तिथे शोधून काढावा लागेल.

अशा चित्रपटांची परंपरा जुनी आहे. जॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाने १९४९ साली पॅरिसच्या कत्तलखान्यांवर वीसेक मिनिटांचा एक माहितीपट केला. त्याच्या नावातच ‘जनावरांचे रक्त’ हे शब्द आहेत. तो कृष्णधवल आहे, आणि तो तसा आहे हे बरेच आहे. रंगात तोच चित्रपट पाहणाऱ्याच्या पोटात ढवळून आले असते आणि विचार करायला जागा उरली नसती. २००५ साली अमेरिकेत ‘अर्थलिंग्ज’ नावाचा माहितीपट आला. त्यात मात्र कोणतीही गय केलेली नाही. पाळीव प्राणी, खाद्य, चामडे, करमणूक, प्रयोगशाळा, सगळीकडची चित्रे एकापुढे एक येत राहतात. तो पाहून मांसाहार सोडलेली माणसे आहेत, आणि दहा मिनिटांत तो बंद करून पुन्हा कधीही न लावलेली माणसेही आहेत.

आपल्या देशालाही या चित्रांचा दणका बसला आहे. २००० साली भारतातून चामड्यासाठी होणाऱ्या जनावरांच्या वाहतुकीची दृश्ये जगापुढे आणली गेली. ट्रकमध्ये कोंबलेली जनावरे, चालवत नेताना शेपट्या पिरगळणे, डोळ्यांत तिखट घालणे अशी ती दृश्ये होती. त्यानंतर गॅपसारख्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतीय चामड्याकडे पाठ फिरवली. कायद्याने जे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते काही मिनिटांच्या चित्रफितीने केले. कायद्याचे म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला तो किमान १० रुपये आणि कमाल ५० रुपये. पन्नास रुपयांच्या भीतीने हातातली पराणी कोण खाली ठेवणार?

आता बैलगाड्याकडे येऊ. ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ता नव्हे. घाट म्हणजे चढाची मातीची धाव. उत्तर पुणे जिल्ह्याच्या रीतीत गाड्याला चार बैल असतात, पुढे घोडी पळते, गाड्यावर माणूस बसत नाही, आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. एका धावेला बारी म्हणतात. बारी सुटली की भंडारा उधळतो, निवेदकाची ‘भिर्रर्र’ अशी आरोळी कण्यावरून फिरते. त्या काही सेकंदांसाठी मालकाने वर्षभर बैलाला घरच्या मुलासारखे सांभाळलेले असते. यात अतिशयोक्ती नाही. घरात दूध कमी पडेल, पण शर्यतीच्या बैलाचा खुराक कमी पडत नाही.

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, ज्यांचे खेळ करता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि पुढे हा वाद न्यायालयांत गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. न्यायालयापुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या निरीक्षकांचे अहवाल होते, छायाचित्रे होती. शेपूट पिरगळणे, ती दाताने चावणे, टोकदार काठीने टोचणे, डोळ्यांत-नाकात झोंबणारे पदार्थ घालणे, हे सारे त्या निकालपत्रात नोंदलेले आहे. बैलाची शरीररचना धावण्याच्या स्पर्धेसाठी झालेली नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

ती चित्रे मग न्यायालयाबाहेरही फिरली. दूरचित्रवाणीवर आली, मोबाईलवर आली. एकच दृश्य, पण ते पाहणारे दोन प्रकारचे होते.

पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात ते पाहणारा साक्षीदार होता. त्याच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्याला दुःख झाले, राग आला, आणि राग काढायला समोर एक आयता माणूस होता, धोतर-टोपीतला, हातात काठी असलेला. डिंगोऱ्याच्या पारावर तेच दृश्य पाहणारा मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात होता. त्याच्या बैलाला त्याने कधी काठी लावली नसेलही, पण पडद्यावरचा माणूस त्याच्यासारखा दिसत होता, त्याच्यासारखा बोलत होता. अशा वेळी माणूस चित्राकडे पाहत नाही, चित्र काढणाऱ्याकडे पाहतो. ‘शंभरात एक गाडेवाला तसला असेल, तुम्ही तोच दाखवलात.’ ‘पोळ्याला आम्ही बैलाच्या पायावर पाणी घालतो, ते का नाही दाखवले?’ आणि तिसरा प्रश्न सर्वांत टोकदार: ‘तुमच्या ताटातली कोंबडी कशी वाढते, ते कधी पाहिलेत का?’

माझे मत विचाराल तर पहिले दोन प्रश्न दुबळे आहेत. एकानेच शेपूट चावली तरी दुखायचे ते दुखतेच, आणि पोळ्याच्या पुरणपोळीने वर्षभराचा हिशेब फिटत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र शहराकडे चांगले उत्तर नव्हते, अजूनही नाही.

पाहणाऱ्याच्या मनात काय घडते यावर डॅनियल बॅट्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८१ च्या सुमारास काही प्रयोग प्रसिद्ध केले. पडद्यावर एका बाईला विजेचे धक्के बसताना दाखवायचे. धक्के खरे नव्हते, पण पाहणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. मग त्याला विचारायचे, हिच्याऐवजी तुम्ही धक्के घ्याल का? काहींना दोनच धक्के पाहून जायची मुभा होती, काहींना शेवटपर्यंत पाहत बसणे भाग होते. ज्यांना मुख्यतः स्वतःची अस्वस्थता जाणवत होती, त्यांना निघून जायची वाट मिळाली की त्यांतले बहुतेक निघून गेले. ज्यांचे लक्ष त्या बाईच्या दुःखाकडे होते, ते वाट मोकळी असूनही तिची जागा घ्यायला तयार झाले. म्हणजे ‘मला बघवत नाही’ आणि ‘तिला सोसवत नसेल’ या दोन वेगळ्या भावना आहेत. वरवर दोन्ही कळवळ्यासारख्याच दिसतात. पहिली बटण बंद केल्याने शमते, दुसरी शमत नाही.

अंगावर येणाऱ्या माहितीपटाची अडचण इथेच आहे. रक्त जितके जास्त, तितकी पहिली भावना वर येते. माणूस डोळे मिटतो, किंवा शिव्या देतो. शिव्या देणे हाही एक प्रकारे डोळे मिटण्याचाच प्रकार आहे, कारण त्यानंतर आपले काम संपले असे वाटते. आणि ज्याच्यावर बोट रोखले आहे तो तर पहिल्या मिनिटालाच कवाडे लावून घेतो.

चित्र खोटे नसते, पण त्याला चौकट असते, आणि चौकटीबाहेरही जनावर असतेच. शर्यती बंद होत्या त्या काळात गाडामालक एक मुद्दा वारंवार मांडत होते: ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाला काम उरले नाही, शर्यतही गेली तर खोंड सांभाळायचा कोणी आणि कशासाठी? त्यात २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. दुसरीकडे दुधासाठी गोठ्यात संकरित गाय आली. तिला कालवड झाली की आनंद, गोऱ्हा झाला की प्रश्न. वशिंड नाही, उन्हात टिकत नाही, औताला नको, गाड्याला नको. त्या गोऱ्ह्याचे काय होते हे ज्याच्या दारात गोठा आहे त्याला विचारावे, आणि दुधाची पिशवी फोडणाऱ्यानेही विचारावे. त्याच्यावर कॅमेरा क्वचितच रोखला जातो, कारण तिथे काठी नाही, गर्दी नाही, आरोळी नाही. नुसते एक उपाशी वासरू कोपऱ्यात बसलेले असते.

बिबट्याच्या बाबतीत तर पाहणाऱ्याची जागा बदलली की प्रतिक्रिया पार उलटी होते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले एकदम वाढले आणि पुढे माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र सर्वांना परिचित झाले. विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाज सोडून वर काढतानाची चित्रे शहरात डोळ्यांत पाणी आणतात. उसाच्या फडाशेजारी ज्याची वस्ती आहे, ज्याच्या शेळ्या गेल्या आहेत, त्याच्या डोळ्यांतही पाणी येते, पण वेगळ्या कारणाने. त्याला निर्दयी म्हणून चालणार नाही. त्याला रात्री दारे धरायला जायचे असते.

शर्यतीची पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. बैलाला यातना देणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्या दुरुस्तीत आहे. कुठे १० ते ५० रुपये आणि कुठे पाच लाख! घाट पुन्हा गजबजले, पण ते नियमांसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, काठी-चाबूक नको, आणि शर्यतीचे चित्रीकरणही करायचे. ज्या कॅमेऱ्याने शर्यत बंद पाडली, तोच आता शर्यतीच्या अटींत जाऊन बसला आहे.

चित्रीकरण पाहायचे तर काय पाहायचे, हे मात्र शिकावे लागते. गर्दीच्या जल्लोषाकडे नको आणि काठीच्या एका फटक्याकडेही नको. बारी संपल्यावर बैल थांबतो तिथून पुढे पाहावे. तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो आहे का? बैल एरवी नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ लागला म्हणजे त्याच्या अंगात उष्णता फार साठली आहे. तोंडाला फेस किती वेळ राहतो? वेसणीच्या जागी ओली जखम आहे का? पुठ्ठ्यावर टोचल्याच्या खुणा आहेत का? मागचा पाय टेकताना तो कचरतो का? आणि शेपटीवरून नीट नजर फिरवावी. पिरगळून मोडलेला मणका सरळ होत नाही, तिथे गाठ किंवा बाक राहतो. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवता येतात, पाठीवर झूल घालता येते. शेपटीतली गाठ मात्र तशीच दिसत राहते.