ॲलर्जीची औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या

ॲलर्जीवरील औषधे आणि तोंडावाटे घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्या एकाच काळात घेतल्या असता त्यांचा परस्परांवर होणारा परिणाम हा औषधशास्त्रातील आंतरक्रियेचा विषय आहे. शिंका, वाहते नाक, खाज व अंगावर उठणारे पित्त यांवर नेहमी दिली जाणारी हिस्टामिनरोधक औषधे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी करत नाहीत. त्यामुळे दोहोंपैकी एक बंद करण्याची सामान्यतः गरज नसते. मात्र ॲलर्जी समजून अंगावर काढलेला खोकला क्षयरोगाचा निघाल्यास त्यावरील रिफॅम्पिसिन या औषधामुळे गोळ्यांचा प्रभाव घटतो.

पार्श्वभूमी

भुसावळ, जळगाव, धुळे या खानदेशच्या पट्ट्यात उन्हाळ्यातील उडती धूळ, पावसाळ्यानंतर फुलणारे गाजर गवत आणि कापसाच्या हंगामातील तंतुमय धूळ यांमुळे नाकाचा, त्वचेचा व श्वासाचा त्रास अनेकांना होतो. याच भागात शासकीय आरोग्य केंद्रे व आशा स्वयंसेविका यांच्यामार्फत ‘माला-एन’ या गोळ्या मिळतात. तिच्या २८ गोळ्यांच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या असतात. संप्रेरकाच्या प्रत्येक गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल व ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल असते.

कार्यपद्धती

संयुक्त गोळीतील संप्रेरके मुख्यतः बीजांड बाहेर पडण्याची क्रिया थांबवतात. या संप्रेरकांचे विघटन यकृतातील विकरांकडून होते. एखाद्या औषधाने ही विकरे वाढवली, तर संप्रेरके लवकर नष्ट होतात आणि गोळी नियमित घेऊनही गर्भधारणा होऊ शकते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन व क्लोरफेनिरामिन ही औषधे असा परिणाम करत नाहीत. मॉन्टेल्युकास्ट आणि नाकात फवारायची स्टिरॉइडे यांनीही गोळ्यांचा प्रभाव कमी होत नाही.

घ्यावयाची काळजी

स्टिरॉइडे : इथिनिल इस्ट्राडिऑलमुळे प्रेडनिसोलोन शरीराबाहेर टाकले जाण्याचा वेग मंदावतो व त्याचा परिणाम वाढू शकतो. अल्पकाळाच्या उपचारात सहसा अडचण येत नाही. दीर्घ उपचारात डॉक्टरांना गोळ्यांची माहिती द्यावी. ॲलर्जीच्या काही संयुक्त गोळ्यांत बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.

रक्तदाब : सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन असते. ते रक्तदाब वाढवू शकते. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो. ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असतो, त्यांना संयुक्त गोळी सामान्यतः दिली जात नाही.

झोप व उलटी : क्लोरफेनिरामिनसारख्या औषधांनी गुंगी येते आणि रात्रीची गोळी चुकण्याची शक्यता वाढते. गोळी घेण्याची वेळ झोपेपूर्वी पुरेशी आधी ठरवणे सोयीचे असते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाल्यास आणखी एक गोळी घ्यावी.

ॲलर्जीसारखी दिसणारी सूज : आनुवंशिक अँजिओएडेमा या विकारात चेहरा, ओठ किंवा घसा सुजतो; परंतु त्यास हिस्टामिन कारणीभूत नसल्याने नेहमीच्या औषधांनी उतार पडत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे हा विकार बळावतो. घशाची सूज व श्वास घेण्यास त्रास ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत, कारण कोणतेही असो.

क्षयरोगाशी संबंध

दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला ॲलर्जीचा मानून केवळ हिस्टामिनरोधक औषधे घेत राहणे धोक्याचे आहे. असा खोकला क्षयरोगाचे लक्षण असू शकतो व त्यासाठी थुंकीची तपासणी आवश्यक असते. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन सहा महिने दिले जाते. हे औषध यकृतातील विकरे जोरकसपणे वाढवते आणि तो परिणाम औषध थांबल्यानंतरही सुमारे चार आठवडे राहतो. या काळात केवळ माला-एनसारख्या गोळ्यांवर विसंबणे पुरेसे नसते. तांबी किंवा राष्ट्रीय कार्यक्रमातील ‘अंतरा’ हे इंजेक्शन यांचा पर्याय डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडता येतो. अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांनीही गोळ्यांचा प्रभाव कमी होतो.

गैरसमज

ॲलर्जीची गोळी घेताना गर्भनिरोधक गोळी काही दिवस थांबवावी, असा समज आढळतो. प्रत्यक्षात मध्येच गोळी थांबवल्यानेच नको असलेल्या गर्भधारणेचा धोका निर्माण होतो. म्हणून ॲलर्जी, खोकला किंवा अन्य आजारासाठी औषध घेताना गर्भनिरोधक गोळी सुरू असल्याचे डॉक्टर, परिचारिका अथवा औषधविक्रेत्यास सांगणे हा सर्वांत सोपा व उपयुक्त उपाय ठरतो. संकोचाने ही माहिती लपवल्यास योग्य औषध निवडण्याची संधी हुकते.